बाहेर मंगळ आहे

मँचेस्टर,
शनिवार, ३ मे २०२५

चि. सौ. आसावरीस,

आशीर्वाद आधी, रागावणं मागाहून.

तुला जाऊन नऊ दिवस झाले आणि केंब्रिजच्या तुमच्या ऑफिसातून एवढीच ओळ आली, ‘क्रू सुखरूप आहे.’ अगं, ही काय ओळ झाली? पार्सल पोचल्यावरसुद्धा याहून जास्त लिहितात. अपूर्व मला समजावतो, "आई, तिथे सगळं मंगळावर असल्यासारखंच चालतं. फोन नाही, व्हॉट्सॅप नाही. ई-मेलनं पत्रं तेवढी जातात, तीही ऑफिसच्या सवडीनं." तुझा नवरा माझा मुलगा आहे म्हणून सांगते, समजावता समजावता तोच दर मिनिटाला फोन उघडून बघत होता.

समोरच्या बाईंनी विचारलं, सून कुठे दिसत नाही? मी म्हटलं, कॅनडाच्या उत्तर टोकाला एका बेटावर गेली आहे. तिथे पत्र्याच्या पिंपासारखं घर आहे, त्यात पाच माणसं सहा आठवडे मंगळावर राहिल्याचं सोंग करणार, आणि त्या घरातल्या यंत्रांची इंजिनिअर आमची आसावरी. बाई म्हणाल्या, "व्हॉट फॉर, लव्ह?" मी म्हटलं, उत्तर सुनेकडूनच मागवते. तूच पाठव एखादं.

मायरा सगळ्या शाळेला सांगत सुटली आहे, "माझा मम्मा मार्सवर गेला." ‘माझी मम्मा गेली’ म्हण, असं शिकवलं तर म्हणते, "आजी, ऑलरेडी गेला ना!" सहा वर्षांची आहे, पण वकील होणार.

हे पत्र आधी सुचेता नावाची मुलगी वाचणार आहे, कारण त्या ऑफिसात मराठी वाचणारी तेवढीच. नियमात न बसणारं ती खोडणार म्हणे. सुचेता, बाळ, माझ्या पत्रात खोडण्यासारखं काही नसतं, शुद्धलेखन सोडून. मॅट्रिकला दोनदा बसलेली बाई आहे मी. जे काही येतं ते लायब्ररीच्या पुस्तकांनी शिकवलं.

आसावरी, तिथे पांढरी अस्वलं असतात ना? ती पण सोंगातलीच का? मला खरं सांग. घाबरायचं ते एकदाच घाबरून घेते.

तुझी,
आई


बेट (म्हणजे मंगळ),
८ मे

ती. आई,

अस्वलं खरी आहेत. सोंगात नाहीत. म्हणून बाहेर जाताना एकाच्या खांद्यावर बंदूक असते आणि ‘मंगळावर बंदूक नसते’ असं समजून आम्ही सगळे तिच्याकडे दुर्लक्ष करतो. अजून एकही दिसलेलं नाही. झालं समाधान?

घर दुमजली आहे, आतून एखाद्या मोठ्या डब्यासारखं. खाली मशीन्स आणि हीटर, वर पाच बंक आणि किचन. आमचा कमांडर ग्रेगर, एडिनबराचा, दगडांचा अभ्यास करणारा आणि दगडासारखाच. स्वयंपाकाचं ओवेनकडे. वेल्सचा पन्नाशीचा गृहस्थ, सुक्या पावडरीतूनसुद्धा चव काढतो. आणखी दोघी आहेत, शांत, कामाच्या.

पहिला नियम भिंतीवरच लिहिलाय: बाहेर मंगळ आहे. म्हणजे सूट आणि हेल्मेट घातल्याशिवाय दार उघडायचं नाही. खिडकी तर नाहीच. सूटच्या पाठीवर पंखा असतो, तो बाहेरचीच हवा आत ओढतो, पण तसं म्हणायचं नाही.

दुसरी गंमत, ऑफिस अधूनमधून खोटी संकटं पाठवतं. मंगळवारी आगीचा अलार्म, काल पाण्याची टाकी फुटल्याचा मेसेज. आम्ही कसे वागतो ते त्यांना मोजायचं असतं. खरं संकट असेल तर एक ठरलेला शब्द येतो, तो फक्त डायरेक्टर पाठवू शकतात. बाकी सगळं नाटक.

थंडी विचारू नका. खाली इतका गार वारा शिरायचा की पहिले चार दिवस बोटं चालेनात. ग्रेगर रोज म्हणायचा, "इंजिनिअर, तुझं घर गळतंय." आता मी बंदोबस्त केलाय, घर मस्त उबदार आहे. ग्रेगरनं चक्क पाठ थोपटली.

थोडं डोकं दुखतं संध्याकाळी. सुक्या अन्नामुळे असेल. मायराला सांगा, मम्मा परत ‘येणार’ आहे, ‘येणारा’ नाही.

तुमची,
आसावरी


मँचेस्टर,
सोमवार, १२ मे

चि. आसावरी,

तुझं पत्र मी मायराला वाचून दाखवलं आणि अस्वलाचा भाग गाळला. म्हणजे आता सुचेतासारखी मीही खोडाखोड करायला लागले.

डोकं का दुखतं? पोटात काही जात नसेल. तू इथेसुद्धा सकाळी नुसत्या कॉफीवर ट्राम पकडायला धावतेस. आणि रागावू नकोस, बायकाबायकांत विचारते, मळमळतं का? तसं काही असेल तर ऑफिसला सांगून तडक घरी ये. (सुचेता, हे तू वाचलं नाहीस.)

सामानात मी सुंठेची पुडी टाकली आहे, निळ्या मोज्यात. उगाळायला काही नसेल तर गरम पाण्यात कालव आणि कपाळाला लाव. अंगावर पांघरूण घेऊन ऊब धरून पडून राहा. वारा लागू देऊ नकोस.

अपूर्व रोज विचारतो, पत्र आलं? मी म्हणते, तुला काय करायचंय, तू तर म्हणाला होतास मला भीती वाटत नाही. त्यावर तो उठून भांडी घासायला जातो. आपल्या घरात इतकी स्वच्छ भांडी कधी नव्हती.

तुझी,
आई


मंगळ
गुरुवार २२ मे. की बुधवार?

आई,

पत्राला उशीर झाला. लिहायला बसले की झोप येते. सगळ्यांनाच. ओवेन काल सूप ढवळता ढवळता झोपला. आम्ही हसलो, मग आमच्यातल्या एकीला रडूच फुटलं, का ते तिलाही सांगता येईना.

डोकं सगळ्यांचं दुखतं. सकाळी ऑफिसचा फॉर्म असतो, दहापैकी किती दुखतं? आम्ही सहा लिहितो, सात लिहितो. उत्तर येतं, अपेक्षित आहे, एकटेपणाचा ताण. सुंठ लावली. तुमचं ऐकलं, ऊब धरून पडून राहिले. तुम्ही म्हणता तसं मळमळतंही, पण ‘तसं’ काही नाही, पाचही जणांना मळमळतंय, त्यात ग्रेगर पण आला.

बाहेर सूट घालून गेलं की बरं वाटतं. एकदम मोकळं. परत आत आलं की तासाभरात पुन्हा सुरू. ग्रेगर म्हणतो, आत बसून तुम्ही लोक लाडावताय. तो खूप ओरडतो हल्ली. आधी नव्हता ओरडत.

अलार्म पण वाजतो. हवेचा. पहिल्यांदा वाजला तेव्हा आम्ही नियमाप्रमाणे सूट घालून दारापाशी दहा मिनिटं बसलो, वहीत लिहिलं, ‘संकट हाताळलं.’ मग परत वाजला, परत बसलो. तिसऱ्यांदा ग्रेगरनं बॅटरी काढली. म्हणाला, तेच नाटक किती वेळा.

डोकं सगळ्यांचं दुखतं. हे लिहिलं का मी आधी?

अपूर्वला सांगू नका. उगाच काळजी करेल.

आसावरी


मँचेस्टर,
शनिवार, २४ मे, सकाळी साडेदहा

सुचेता, हा पहिला भाग तुला.

मी तुझ्या आजीच्या वयाची असेन. तुझ्या ऑफिसला चार वेळा फोन केला. बँक हॉलिडेचा वीकेंड आहे, मंगळवारी उघडेल, असं यंत्र बोलतं. ड्यूटीवरचा एक गृहस्थ भेटला. मी म्हटलं, त्या घरातली हवा विषारी झाली आहे. तो म्हणाला, "मॅडम, तुमची चिंता नोंदवून घेतली आहे." नोंदवून काय करणार, बाळ? तुझ्या हातून आज हे पत्र खोडलं गेलं नाही तर पाच माणसं कदाचित उद्याचा दिवस बघतील. बाकी तू जाण आणि तुझा नियम.

आता आसावरी, तुला.

आधी कर, मग पुढचं वाच. हीटर बंद कर. दार उघड. सगळ्यांना उठवून बाहेर काढ, सूटची वाट बघू नकोस. जो उठत नसेल त्याला ओढ.

केलंस? नसेल केलं तर का ते मी समजते. तुला वाटणार, सासूबाई घाबरट आहेत. म्हणून सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

१९७९चा फेब्रुवारी. लग्न होऊन मी इथे आले त्याला वर्ष झालं होतं. तुझे सासरे हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर, तीन-तीन दिवस तिकडेच. भाड्याच्या घरात खाली एक खोली होती. तिच्यात गॅसची शेगडी आणि भिंतीच्या पायाशी हवेसाठी ठेवलेली जाळी. त्या जाळीतून असा वारा यायचा की चहा कपातच गार व्हायचा. माझा धाकटा दीर शशिधर इथे शिकायला आला होता, बावीस वर्षांचा. त्या खोलीत सोफ्यावर झोपायचा. मला म्हणाला, "वहिनी, तुमच्या विलायतेत भिंतींनाही नाक असतं." कुडकुडत होता बिचारा. मी वर्तमानपत्रं चुरगाळली आणि ती जाळी गच्च बुजवली.

चार दिवस त्याचं डोकं दुखलं. दुकानात जाऊन आला की बरा, घरात बसला की पुन्हा सुरू. मी सुंठ लावली. ऊब धर म्हटलं. दारं-खिडक्या आणखी लावून घेतल्या. पाचव्या सकाळी चहा घेऊन गेले, तर गाल गुलाबी दिसत होते. मला वाटलं, चला, पोराच्या तोंडावर रंग आला.

कार्बन मोनॉक्साइड त्याचं नाव, त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. शेगडीला पुरेशी हवा मिळाली नाही की तो तयार होतो आणि माणसाला झोप लावतो. हे मी नंतर लायब्ररीत वाचलं. त्या सकाळी मला एवढंच कळलं की जाळीचं काहीतरी आहे. ॲम्ब्युलन्स यायच्या आधी मी कागद उपसले आणि परसातल्या डब्यात टाकले. शेगडी जुनी होती, धुराडंही तुंबलेलं निघालं, सगळा दोष घरमालकाला लागला. तुझे सासरे गेले ते हे न कळताच. अपूर्व आजही म्हणतो, काकाला त्या घरमालकानं मारलं. मी मान डोलवते.

आणि तुला मी पुन्हा सुंठच लावायला सांगितली गं. ऊब धर म्हटलं. त्या आठवणीच्या वाटेला जायचंच नाही असं ठरवल्यावर माणूस समोरचंही बघत नाही. परवा तू लिहिलंस, बाहेर गेलं की बरं वाटतं, आणि माझ्या हातातून आयपॅड खाली पडला.

तुमच्या घराला अशी जाळी आहे का, ती कशानं बंद झाली का, मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की तो अलार्म नाटक करत नाही. दार उघड, आसावरी. तुझ्या पाया पडते.

आई


केंब्रिज,
२४ मे, दुपारी सव्वा बारा

आदरणीय श्यामलाकाकू,

ऑफिस बंद असलं तरी पत्रं माझ्या फोनवर येतात, तुमचं पत्र वाचलं. एक अक्षरही खोडलं नाही. आत्ता पाठवलं, ठरलेली वेळ न बघता.

तुम्हाला खोटा धीर देणार नाही. ठरलेला शब्द फक्त डायरेक्टर पाठवू शकतात. ते डोंगरात चालायला गेलेत आणि फोन लागत नाही. तो शब्द मला माहीतच नाही, नाहीतर आज मी तो चोरला असता. त्याशिवाय गेलेलं काहीही क्रूला नाटक वाटण्याची शक्यता आहे, तुमचं पत्रसुद्धा. आधी मी कधी क्रूच्या फॉर्मवरचे आकडे बघितले नव्हते, माझं काम मराठीपुरतं. आज बघितले. रोज चढतच गेलेत.

त्या बेटापासून सर्वांत जवळच्या विमानतळाला फोन केला आहे. हा माझा अधिकार नाही. ते म्हणाले, धुकं आहे, उठलं की निघतो.

पत्र पोचल्याची खूण आली आहे. उघडल्याची नाही.

सुचेता


मँचेस्टर,
शनिवार, दुपारी तीन

सुचेता, उघडलं का गं?

अपूर्वला तुझं पत्र दाखवलं, माझं नाही दाखवलं. तो गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा आहे. कुठे जायचं ते त्याला सुचत नाही. मायरा विचारते, बाबा कोट घालून का बसला? काहीही असेल ते कळव. वाईट असेल तर मला कळव, त्याला नको.

श्यामला


कॅनडा, हॉस्पिटलमधून,
बुधवार, २८ मे

ती. आई,

रविवारी सुचेतानं फोनवर ‘पाचही जण जिवंत’ एवढंच सांगितलं असेल. बाकीचं मी सांगते. अपूर्वशी रोज फोनवर बोलते, पण हे त्याला सांगितलेलं नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा आमची सकाळ होती. वरच्या मजल्यावर मी एकटी जागी होते. पहिल्या चार ओळी वाचल्या आणि मला हसू आलं. वाटलं, ऑफिसनं कमाल केली, आता सासूच्या नावानं संकटं पाठवायला लागले. मी पत्र बंद केलं. खरंच केलं, आई. डोकं उशीवर टेकलं. मग वाटलं, नाटक निदान पूर्ण वाचावं.

आणि जाळी आली.

खाली हीटरमागे जाळी होती. त्या गार वाऱ्याचा बंदोबस्त मी केला म्हणून तुम्हाला लिहिलं होतं ना, तो तिच्यात फोम कोंबून आणि वरून टेप मारून केला होता. कुणाला विचारलं नाही. मंगळावर घराला भोक कशाला, असं मनाशी म्हटलं. मी इंजिनिअर आहे, आई. हवेची जाळी कशासाठी असते हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. पण महिनाभर ‘बाहेर हवा नाही’ असं म्हणत राहिलं की तेच खरं वाटायला लागतं.

त्या फोमचं कुणालाच माहीत नव्हतं, ऑफिसलाही नाही. आणि परीक्षा घेणारा माणूस स्वतःचा गुन्हा लिहून पाठवत नाही. म्हणजे पत्र खरंच तुमचं होतं. मी उठले. जिना बसून बसून उतरले. हीटर बंद केला, फोम ओढून काढला, दाराकडे गेले. आवाजानं ग्रेगर मागोमाग आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. जीभ जड, डोळे लाल. म्हणाला, "आउटसाइड इज मार्स." गंमत नव्हती, त्याला खरंच तसं वाटत होतं. मी म्हटलं, "नाही ग्रेगर, बाहेर कॅनडा आहे." त्याला ढकललं आणि दार उघडलं.

त्या दोघी हाका मारल्यावर उठल्या. ओवेन उठला नाही. त्याला आम्ही पांघरुणासकट जिन्यावरून ओढला, त्याचं डोकं पायऱ्यांवर आपटत होतं, तो आवाज अजून येतो. मग बर्फात बसून राहिलो, सहा तास, विमान येईपर्यंत. उणे बारा. बंदूक माझ्या मांडीवर. पांढऱ्यात काहीही पांढरं हललं की मी बंदूक उचलत होते. अस्वल आलंच नाही, पण सहा तास ते येतच होतं.

ओवेननं काल वेल्सहून धावत आलेल्या बायकोला ओळखलं. शर्टाची बटणं मात्र त्याला लावता येत नाहीत. समोर बसून बघत राहतो, जणू कुणी कोडं घातलंय. डॉक्टर म्हणतात, सुधारेल कदाचित. ‘कदाचित’ म्हणतात.

सगळ्यांना वाटतंय हीटर बिघडला. ग्रेगर स्वतःला दोष देतोय, बॅटरी काढली म्हणून. मला म्हणाला, "तू आम्हाला वाचवलंस." आणि फोम माझ्या जॅकेटच्या खिशात आहे. तो तिथेच टाकून बाहेर पडले असते तरी चाललं असतं. हात आपोआप खिशात गेला, आई.

शुक्रवारी तुमच्या सकाळी दहाला ऑफिसची चौकशी आहे, स्क्रीनवरून. दार उघडताना इतकी घाबरले नव्हते. नोकरी जाईल ते जाऊ दे. पण ओवेनच्या बायकोला कळल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल? रोज मला कॉफी आणून देते.

तुम्ही इतकी वर्षं कशा झोपलात?

आसावरी


केंब्रिज,
गुरुवार, २९ मे

माझ्या आसावरी,

नाही झोपले. हे तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर.

आज दुपारी अपूर्वबरोबर गाडीनं इथे आले. वाटेत त्याला सांगितलं. वर्तमानपत्रांसकट, परसातल्या डब्यासकट सगळं. त्यानं गाडी हायवेवरच्या चहापाण्याच्या थांब्यावर घेतली, उतरला, आणि पार्किंगमध्ये माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मला वाटलं, संपलं, मुलगा गेला हातचा. मग दोन चहा घेऊन आला. म्हणाला, "बाबांना का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "भ्याले रे." एवढंच. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बोलेल की नाही, कुणास ठाऊक. मायरा मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा रडला आहे." ती मात्र बरोबर बोलली.

सुचेताला भेटले. एवढीशी आहे गं, आणि तिला वरच्यांनी खुलासा मागितलाय, अधिकार नसताना विमान बोलावलं म्हणून. मी सांगितलं, मीही लेखी देते.

उद्या तिनं माझ्यासाठी त्या खोलीत खुर्ची ठेवली आहे. स्क्रीनमध्ये तुला साहेबलोकांच्या मागे एक पांढऱ्या केसांची बाई दिसेल. ओवेनच्या बायकोला तू चौकशीच्या आधी सांग, आजच, कॉफी हातात असतानाच. ती शिव्या देईल तर घे. मी शशिधरच्या आईला कधी संधीच दिली नाही मला शिव्या द्यायची. म्हातारी मला शेवटपर्यंत ‘गुणाची सून’ म्हणत गेली, आणि तो शब्द कानात शिशासारखा पडायचा.

आणि उद्या फोम टेबलावर ठेव, सगळ्यांना दिसेल असा. पहिलं वाक्य तू बोल, त्यांनी काही विचारायच्या आत. एकदा प्रश्न आला की माणूस उत्तर शोधायला लागतो, आणि मला शोधता शोधता शेहेचाळीस वर्षं लागली.

तुझी,
आई